क्लचवरचा पाय

मणक्यातली गादी सरकली म्हणून यवतमाळच्या डॉक्टरनं माह्यं ट्रॅक्टरवर बसणं बंद केलं. महिनाभर नाही, कायमचं. चौदा वर्सं पंचावन एचपीचा ट्रॅक्टर मी पार दारव्ह्यापावतर फिरवला, आन् आता त्याच्यावर दुसऱ्या गावचा डायवर. मी घरी खाटेवर.

वावर घराच्या मांगंच. उन्हाळ्याची नांगरटी सुरू झाली आन् माह्या जिवाले काही चैन नाही. पडल्या पडल्या सारं आयकू ये. आता यानं गेर चुकवला. आता नांगर न उचलताच वावराच्या काठाले, धुऱ्यावर वळवून राह्यला, लेकाचा. बायको म्हणे, पडून राहा ना गप. बोलाले काय जाते तिचं! पडल्यानं कान थोडेच बंद होते?

बुजवलेल्या विहिरीजोळ जमीन लय कडक, तिथं गेर उतरवाच लागते. यानं उतरवला नाही, इंजिन घुसमटलं, आन् मी उठलोच. कमरेले पट्टा बांधला, बायको चुलीजोळ होती तवा मांगच्या दारानं सटकलो.

डायवरले थांबवून खाली उतर म्हणलं. तो नाही नाही करत उतरला. खरं सांगतो, शिटावर बसलो आन् मन भरून आलं. नांगराचं पयलं तास या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापावतर सरळ गेलं, दुसरंबी. तिसऱ्या तासाले निंबाचं झाड जोळ आलं, क्लच दाबाले गेलो त डावा पाय दबेच ना. पाय जागीच होता, पण त्यात जीवच नाही. ब्रेकबी सुचला नाही. कसंतरी इंजिन बंद कराचं बटन ओढलं. झाडापासून दोन हातावर ट्रॅक्टर थांबला.

डायवरनं मले दोन्ही हातानं धरून उतरवलं. त्याचीच जास्त लाज वाटली.

तेवढ्यात बायको आली. अनवाणी, हाताले पीठ, ढेकलातून धावत. मले उभं पायलं आन् धुऱ्यावरच बसली. आता शिव्या देईल, वाटलं. तुले कोणं सांगतलं, मी इचारलं.

"तुमी बसले तवाच आवाजावरून ओयखलं मी. मंग निंबाजोळ बंद पडला. चौदा वर्सं मीबी आयकूनच राह्यली ना."

 सवयीनं काढलेली चाबी मुठीतच होती, ते डायवरले देली. तिच्या खांद्यावर हात ठेवून घराकडे निंगालो. मांगं ट्रॅक्टर सुरू झाला, विहिरीजोळ आला. आमी दोघंबी थांबलो.

यानं गेर उतरवला.