पोरीचे फोटो आमच्या फोनात

माझ्या फोनात खिचडीचे जितके फोटो होते तितके कुठल्या आचाऱ्याच्या फोनातही नसतील. पातेल्यातली खिचडी, ताटलीतली खिचडी, ओळीनं मांडी घालून बसलेली पोट्टी आणि त्यांच्या पुढ्यात खिचडी. यातला एकही फोटो मी काढलेला नाही. मला फोटो काढता येत नाही. काढायला गेलो की माझा अंगठाच येतो.

ते फोटो आमच्या मुलीचे. ती गडचिरोलीच्या जंगलात, एटापल्लीच्याही पुढे एका गावात शाळेवर मास्तरीण आहे. आम्ही दोघं नवराबायको इकडे माजरीला. मी कोळशाच्या खाणीत जन्म काढला, आता घरी बसलो आहे. लिहायला घेतलं की शाळेत शिकवलेली मराठी येते आणि तोंड उघडलं की आपली येते. वाचणाऱ्यानं दोन्ही चालवून घ्यावं, इलाज नाही.

खाण सुटली तेव्हा मुलीनं भद्रावतीला नेऊन मला हा मोठा फोन घेऊन दिला. दुकानदार म्हणाला, "काका, मेल आयडी सांगा."

मी म्हटलं, "बापा, मले कोन मेल पाठवते?"

तो म्हणाला, आयडीशिवाय याचं पुढचं काहीच चालत नाही. मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती, आमची बस निघायची होती. मुलगी म्हणाली, "माहाच टाका जी, घरचाच त फोन हाय." टाकला. आमच्याकडे एका राशनकार्डावर अख्खं घर जेवतं, एका आयडीवर दोन फोन चालले तर कुणाला काय वावगं वाटणार! तीही विसरली, मीही विसरलो.

पुढं थोड्याच दिवसांत माझ्या फोनात फोटो दिसायला लागले. रोज संध्याकाळी, न पाठवता, आपोआप. मला वाटलं मोठा फोन असाच असतो, जगातले फोटो दाखवत असेल. आमच्या हिनं चष्मा लावून एकेक पाहिला आणि म्हणाली, "अवो, हे त आपल्या पोरीची शाळा व्हय."

मग तो आमचा नेमच झाला. संध्याकाळचा चहा आणि फोटो. वरच्या हापिसाला रोजच्या खिचडीचा पुरावा लागतो म्हणे, म्हणून ती बिचारी रोज पातेल्याचा फोटो काढायची. ही त्यावर शेरे मारायची. "आज दाळ पातळ हाय." "आज पोट्टे इतकेच काऊन?" मी सांगायचो, मोहाची फुलं पडून राह्यली असन, पोट्टे सकाळीच मायबापासंगं टोपल्या घेऊन जंगलात गेले असतीन. खिचडीच्या मधेमधे एखादा घरचा फोटो निघायचा. जावई मोटरसायकल पुसताना, अंगणात वाळत घातलेल्या वड्या, कधी ती स्वतः, घामेजलेली, केस विस्कटलेले. त्या दिवशी चहा गार व्हायचा.

मुलीला मात्र आम्ही यातलं काही बोललो नाही. आधी सांगायचं राहून गेलं, आणि नंतर सांगायची भीतीच वाटायला लागली. सांगितलं आणि तिनं बंद केलं तर? एकुलती एक पोर, तिच्याकडे जायचं म्हणजे बस बदलत बदलत अख्खा दिवस जातो, वर्षातून एखादी खेप होते. ते फोटो म्हणजे आमच्यासाठी तिचं रोज घरी येणं होतं. चोरून पाहत होतो म्हणा. हव, पाहत होतो.

मागची दिवाळी झाली आणि रोजचे फोटो बंद पडले. आता ते आठवड्यातून एकदाच यायचे, तिकडच्या बाजाराच्या दिवशी, एकदम गठ्ठ्यानं. मी टॉवरवाल्यांचा उद्धार केला. मला राग लवकर येतो आणि समोर माणूस नसला तरी चालतो. ही ऐकून घेत होती. शेवटी एके दिवशी तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, "कायले शिव्या देता टावरले? टावर नाई बिघडला. पोरगी हलली तिथून."

मला काही कळेना. तिनं समजावून सांगितलं. आधी मुलगी आणि जावई तालुक्याच्या गावी भाड्यानं राहत होते. तिथं रेंज होती. मुलगी सकाळी स्कूटीनं शाळेच्या गावी जायची, संध्याकाळी घरी यायची, फोटो त्याच दिवशी निघायचे. शाळेच्या गावात मात्र रेंजचा पत्ता नाही. आता फोटो फक्त बाजाराच्या दिवशी येतात, म्हणजे ती तिथंच शाळेजवळ राहते आहे. बाजाराला तालुक्याला आली की फोनला रेंज सापडते आणि आठवड्याचं सगळं एकदम येतं.

"कायच्यावरून म्हनतेस?" मी म्हटलं.

तिनं एक फोटो पुढं धरला. कुठल्याशा खोलीतला स्वयंपाकाचा कोपरा. भिंत निळी. आधीच्या घराची पांढरी होती. शेगडीवर इवलासा कुकर. खाली धुऊन पालथं घातलेलं एक ताट, एक गिलास.

"दोघांच्या संसाराले एवढासा कुकर पुरते का?" ती म्हणाली. "अन् दिवाळीपासून जावयाचा एक तरी फोटो दिसला का तुमाले? त्याची गाडी दिसली?"

मी उठलो आणि खुंटीवरचा सदरा काढला.

"कुठी चालले?"

"जावयाले जाब इचारतो."

"पोरीनं सांगतलं का तुमाले काही?"

"नाई."

"मंग? आधी तिचे फोटो चोरून पाह्यता, अन् वरून गावभर जाब इचारत फिरता? बसा खाली." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "तिच्या संसाराची गोष्ट हाय. झाकली मूठ राहू द्या. तिले सांगावं वाटन तवा सांगन. नाई त तिले वाटन, मायबाप पाळत ठेवून राह्यले."

हिचं म्हणणं पटलं. पटलं म्हणून सोसलं असं नाही. मुलगी दर बाजाराला फोन करायची. मी विचारायचो, "जावई बरे हायेत?" ती म्हणायची, "बरे हाय." मी विचारायचो, "थंडी हाय का तिकडं?" ती म्हणायची, "हाय." बस, झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. फोन ठेवला की मी अंगणातल्या कोंबड्यांवर ओरडायचो आणि ही भांडी आपटायची. आणि दर गठ्ठ्यात, त्या खिचडीच्या मधेच कुठंतरी, तो निळ्या भिंतीचा कोपरा असायचाच. एक ताट, एक गिलास. पुढंपुढं मी तो फोटो लवकर पुढं सरकवायला लागलो. बघवत नव्हतं.

उन्हाळा लागायच्या सुमाराची गोष्ट. बाजाराचाच दिवस. दुपारी मी फोटोंची वाट पाहत बसलो होतो, तर फोन टुणकन वाजला आणि त्यावर आलं: तुम्ही साइन इन करण्याचा प्रयत्न करत आहात का? खाली दोन बटणं, होय आणि नाही. आमच्या वस्तीतल्या एका रिटायर माणसाला फोनवरूनच कुणीतरी लुबाडलं होतं, तेव्हापासून मी असल्या गोष्टींत लय हुशार झालो होतो. मी नाही दाबलं. पुन्हा आलं. पुन्हा नाही दाबलं. वर हिला म्हटलं, "चोर हाय कोनी. पन गाठ माह्याशी हाय."

तेवढ्यात चोराचाच फोन आला.

"बाबा! तुमी नाही दाबून राह्यले का?" मुलगी ओरडली. "मी इथी काम्प्युटरच्या दुकानात बसली हावो, अन् तुमी मले माह्याच मेलमंधी घुसू देऊन नाई राह्यले!"

मी ओशाळलो. फोन स्पीकरवर टाकला म्हणजे हिलाही ऐकू येईल. मुलीनं सांगितलं ते असं. तिची वरची जागा भरली होती. फोनातले फोटो आपोआप वर कुठंतरी जाऊन बसतात, तिथं. त्या जागेतच तिची मेलही येते, आणि जागा नाही म्हणून मेल यायची थांबली होती. हापिसातून बोलणी बसली. तेव्हा ती वरचे सगळे फोटो काढून टाकणार होती.

"सगळे?" मी म्हटलं.

"माह्या फोनात राह्यते नं बाबा. फोनमंधलं वर जानं मी आधीच बंद केलं, म्हनून आता इथून काढलं तरी फोनातले जात नाई. फक्त वरचे जाते. इचारनं तुमच्याच फोनवर येऊन राह्यलं. दाबा आता, होय दाबा."

माझा अंगठा बटणाकडे जाईना. वरचे जाणार म्हणजे आमचे जाणार. तिच्या फोनात तिचे राहतील, आमच्या फोनात काय राहणार? माझा अंगठा आणि कोंबडी. आणि दुसरं म्हणजे मला वाटलं, ही पोर जागेचं निमित्त करते आहे. तिला कळलं असेल की आम्ही पाहतो, म्हणून दार लावून घेते आहे.

"खिचडी काढ की नुसती," मी म्हटलं. "खिचडीनंच जागा खाल्ली. बाकीचे राहू दे."

"हजारो फोटो हाये, एकेक निवडत बसू का आता? तुमाले काय करा लागते त्याचं?"

"अन् आमी काय पाह्याचं मंग?"

बोलून गेलो. हिनं कपाळावर हात मारला. मला वाटलं आता भडकेल. मी घाईघाईनं म्हणालो, "चुकून दिसते, माय. आपोआप येते. आमी मुद्दाम नाई पाह्यत."

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"काय मालूम हाय?"

"तुमाले माहे फोटो दिसते हे. तुमचे बी मले दिसते नं. एकच आयडी हाय. तुमचा अंगठा दिसते, कोंबडी दिसते, आईच्या चपला दिसते. पहिल्यापासून मालूम हाय."

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, की दार उघडं असेल तर ते दोन्हीकडून उघडं असतं. मी हिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. मग हीच पुढं सरकली आणि फोनमध्ये म्हणाली, "मंग त्या निळ्या खोलीचा फोटो?"

"तो मी तुमच्यासाठी काढला, आई." मुलीचा आवाज बदलला होता. "हापिसाले का माह्या एका ताटाचा फोटो लागते? तोंडानं सांगवे नाई मले. जीभच उचले नाई. म्हनलं, बाबा पाह्यतीन, रागावतीन, फोन करतीन, काय झालं म्हनून इचारतीन. मंग मी सांगन. दर बाजाराले काढला. अन् दर बाजाराले बाबा इचारते, थंडी हाय का तिकडं!"

आम्ही तिचा मान राखत होतो. झाकली मूठ म्हणत होतो. आणि ती तिकडं जंगलात, दिवाळीपासून, ती मूठ उघडून आमच्यापुढं धरून बसली होती. ही पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली. सगळं शहाणपण संपलं तिचं, आणि माझा रागही कुठं गेला कळलं नाही.

"माय," मी म्हटलं, "तू एकटी राह्यतेस का?"

"हव, बाबा."

आणि मग ती रडली. भर दुकानात, लोकांसमोर. मी तिला चूप म्हटलं नाही. ही म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं निघतो आमी," तेव्हा ती आणखीनच रडली, आणि "या" म्हणाली.

जरा वेळानं नाक ओढत म्हणाली, "बाबा, ते पुन्हा पाठवलं मी. आता होय दाबा. दुकानवाली बाई वाट पाहून राह्यली."

मी दाबलं.

फोन आम्ही दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला होता. ती तिकडं एकीकडे फोटो काढून टाकत होती आणि दुसरीकडे सांगत होती, जावई कधी सोडून गेला, काय बोलून गेला, पहिल्या रात्री तिनं काय खाल्लं, खोली कुणी मिळवून दिली, शेजारची म्हातारी रोज कशी डोकावून जाते. माझ्या फोनातून खिचडी चालली होती, पोट्टी चालली होती, निळी भिंत चालली होती. एकेक ओळ जात होती आणि पोरगी बोलत होती.