पत्रा मारलेला पूल

आमच्या सुतारांच्या घरातला मी पहिला इंजिनिअर. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. परदेशात, श्रूजबरीला राहायला आलो आणि २००३ साली पहिलं स्वतंत्र काम मिळालं, तासाभरावरच्या एका गावातल्या जुन्या लाकडी पुलाचं. पूल कसला, ओढ्यावर आडवं टाकलेलं लांबट कोठारच. आधीचा उघडा पूल पावसाबर्फानं कुजला, म्हणून गावानं हा छप्पर घालून बांधला. आधी गवताच्या गाड्या गेल्या त्यावरून, मग दुधाचे ट्रक, मग शाळेची बस.

देखभालीला गावचाच एक म्हातारा सुतार होता. तुळयांची टोकं दगडी भिंतीवर टेकतात, तिथे पाणी उडायचं. मी टोकांना पत्रा मारून सांधे रबरानं बंद करायला सांगितले.

"फट ठेव पोरा," म्हातारा म्हणाला. "आम्ही ठेवत आलोय."

"म्हणूनच ओली राहतात."

"कॉलेजात शिकवलं वाटतं हे."

"हो," मी म्हणालो.

मी सांगितलं तसा त्यानं पत्रा मारला.

२००७च्या उन्हाळ्यात बाबा आले. माझं काम दाखवायला त्यांना मुद्दाम पुलावर नेलं. त्यांनी मधल्या तुळईवर बोटांनी ठोकलं, ठोकत ठोकत टोकाकडे गेले.

"इथे बद्द वाजतंय. पत्रा कुणी मारला?"

"मीच सांगितला."

गाडीतला स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांनी पत्र्याची कड उचकटली आणि तो आत दाबला. मुठीपर्यंत गेला. लाकूड भिजलेल्या भाकरीसारखं झालं होतं.

"लाकूड भिजलं तरी चालतं रे, पण सुकायला जागा लागते. ओल्या फळ्या रचताना मधे पट्ट्या घालायला कोण लावायचं तुला?"

"तुम्ही."

"मग?"

मी विसरलो नव्हतो. त्या पट्ट्यांचा इंजिनिअरिंगशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

तपासणीत चारही टोकं गेलेली निघाली. पूल बंद झाला. पुढच्या वसंतात गावसभा भरली, पाडून काँक्रीटचा बांधायचा का ते ठरवायला. एका बाईनं विचारलं, टोकं बदलून पूल वाचणार नाही का. कूज तुळयांत फार आतवर गेली होती. नाही, म्हणालो. पत्रा माझ्या सांगण्यावरून मारला, हेही सांगितलं. पाडण्याच्या बाजूनं हात वर करायला सांगितले. म्हातारा माझ्यापुढे दोन रांगा सोडून बसला होता. त्यानं सगळ्यांच्या नंतर, पण हात वर केला.