रकान्यातले देव

आमच्या घरात कुठल्याही कागदावर आधी देव बसतात, मग मजकूर. धोब्याच्या चिठ्ठीवरसुद्धा 'श्री' असतो.

यंदा नया बाजारातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचं निवेदन आत्याकडे होतं. आत्याला दिसत नाही. मोबाइल मजकूर वाचून तिच्या कानात सांगतो आणि ती बोलते. अध्यक्ष भाऊसाहेबांना धाकधूक होती. "देख लेना हं ताई, गडबड झाली तर पुढच्या वर्षी दुसरं कोणी." आत्या हसली, पण धसका तिनेही घेतला होता.

म्हणून कार्यक्रमाचा तक्ता मी स्वतः केला! (इथेच घात झाला.) वेळ, कलाकार, कार्यक्रम असे तीन रकाने. आणि लग्नपत्रिकेत असतात तसे प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकेक देव.

पडदा उघडायच्या जरा आधी विंगेत आत्याने इयरफोन लावला आणि तिचा चेहराच उतरला.

"अरे, हे काय? 'श्री गजानन प्रसन्न, साडेसहा. कुलस्वामिनी प्रसन्न, सौ. कुंदाताई. खंडोबा प्रसन्न, ईशस्तवन.' दर ओळीला हेच!"

मोबाइल पहिल्या ओळीलाच शीर्षक समजतो आणि प्रत्येक नोंदीआधी ते म्हणतो, हे मला तेव्हा कळलं. मी मोबाइल बंद करून चालू केला. देव तिथेच. अक्षरं मोठी केली. देव तिथेच!

"काढ त्यांना," आत्या म्हणाली.

"खबरदार!" मागून आई कडाडली. "शुभकार्यात देव उडवतोस?"

"चलो भई, पब्लिक बसली आहे!" बाहेरून भाऊसाहेब.

आईची नजर चुकवून मी देवांची ओळ पुसली. घाईत तिच्याखालची 'वेळ, कलाकार, कार्यक्रम' हीसुद्धा पुसली! आता सगळ्यात वर उरल्या कुंदाताई, म्हणजे भाऊसाहेबांच्या सौभाग्यवती. मोबाइलने त्यांनाच शीर्षक मानलं.

ईशस्तवन पार पडलं. पुढच्या नावाला आत्या अडखळली. तिच्या कानात 'सौ. कुंदाताई, मिलिंद जगदाळे. ईशस्तवन, तबला' असं चाललं होतं. भाऊसाहेबांची मान ताठ.

"कुंदाताईंच्या सुरेल ईशस्तवनानंतर," आत्याने सूर लावला, "मिलिंद जगदाळे, तबला!"

मग प्रत्येक कलाकाराआधी कुंदाताई आल्या. भाऊसाहेब दर वेळी थोडे अधिक फुलले. शेवटी ते माइकवरच म्हणाले, "पुढच्या वर्षीही ताईच! बात खत्म!"

मी शाबासकीसाठी पुढे सरकलो. आत्याने माझा हात घट्ट धरला.

"तुझ्यासाठीही काम मागून घेतलंय. चपला सांभाळायच्या. पण त्यांचे रकाने पाडू नकोस!"