टाक म्हटल्याशिवाय

आमच्या डहाणूच्या किनाऱ्यावर होडी लागली की माल हातोहात उतरतो. होडीतला माणूस टोपली उचलतो, "घे" म्हणतो आणि थांबतो. खाली गुडघाभर पाण्यात उभा असलेला पाय रोवतो, हात वर करतो आणि "टाक" म्हणतो. मगच टोपली सुटते. "टाक" ऐकायच्या आधी सोडली, तर माझा बा तिथल्या तिथे कानाखाली वाजवायचा, मग टोपली झेलली गेली असली तरी. मी मिसरूड फुटायच्या आधीपासून हे करत आलो. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं ते माहीत नव्हतं म्हणून झालं, असं कुणाला वाटायला नको.

फौजेत गेलो आणि छत्रीवाल्या पलटणीत पडलो. विमानातून उड्या मारणाऱ्यांची पलटण. सुट्टीवर आलो की बाजारातल्या मासळीवाल्या आईला विचारायच्या, "काय गो, तुझा मेला दर्या सोडून आभाळातून पडतो म्हणे?" आई म्हणायची, "पडतो, पण परत येतो ना!"

पलटणीत आमच्या तालुक्यातला दुसरा एकच होता, डोंगराकडल्या कैनाडचा. शेतकऱ्याचा मुलगा. लग्न व्हायचं होतं. मी त्याला डोंगऱ्या म्हणायचो, तो मला बोंबील. माझ्या ट्रंकेतलं सुकट अर्धं तो खायचा आणि वर नाक धरून "शी, काय वास रे तुझा" म्हणायचा. आग्र्याच्या छावणीत थंडीची रात्र झाली की दोघं आपल्या बोलीत बडबडायचो, बाकीची पोरं हसायची. त्याच्यासारखा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

तेव्हा आमच्याकडे स्टेन बंदुका होत्या. गोऱ्यांच्या लढाईतल्या. दिसायला अशी की नळवाल्यानं उरलेल्या पाइपातून जोडली असावी. उडी मारताना ती सुटी करून पट्ट्यांत खोचायची, खाली उतरून पुन्हा जोडायची, आणि एवढं करून ती नको तेव्हा अडायची. त्याहून वाईट म्हणजे नको तेव्हा सुटायची. मॅगझीन भरलेलं असेल आणि ती दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लावायच्या टोकावर आपटली, तर आतला बोल्ट मागे उसळायचा आणि पुढे येताना गोळी घेऊन यायचा. घोड्याला हात लावायची गरजच नाही. हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. सगळ्यांना माहीत होतं.

चीनची लढाई होऊन गेल्यावरची गोष्ट. स्टेशनवरून दारूगोळा आणायला पहारा म्हणून डोंगऱ्या आणि मी ट्रकवर होतो. मॅगझीन भरलेली. छावणीत येऊन खोके उतरवून झाले. तो खाली उडी मारून बिडी पेटवायला लागला आणि त्याची स्टेन वर बाकावरच राहिली. मी सकाळपासून उपाशी, डोकं तापलेलं. हा आपला काडी विझते म्हणून दुसरी काढतोय, तिसरी काढतोय. फौजेत बंदूक म्हणजे शिपायाची बायको. मी ओरडलो, "तुझी बायको काय मी सांभाळू? घे!" आणि फेकली.

थांबलो नाही. त्यानं आवाजाकडे मान वळवली, हात वर आले, पण उशिरा. स्टेन त्याच्या पायाशी दगडावर दस्त्याच्या बाजूनं पडली. एकच आवाज झाला. गोळी गळ्यातून गेली. मी खाली उतरलो तेव्हा त्याच्या बोटांत काडेपेटी तशीच होती.

चौकशी बसली. मी सांगितलं, खाली देताना हातातून निसटली. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. स्टेनचं नावच एवढं वाईट होतं की सगळ्यांनी माना डोलावल्या. लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं, मी सही केली. त्या दिवशी मला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. मेसमध्ये जाऊन जेवलो. वरणात मीठ कमी होतं, हे मला अजून आठवतं.

मग काही महिन्यांनी नव्या कार्बाइन आल्या. पहिला मान छत्रीवाल्यांचा. काळीभोर, आटोपशीर, मॅगझीनला बाक, दस्ता दुमडून पोटाशी बसणारी. उडी मारून खाली आलं की सुटे भाग जोडत बसायला नको, दस्ता उघडा आणि चला. मुठीवर एक खटका, तो बंद केला की बोल्ट जागचा हलत नाही. पोरं खूश. सुबेदार साहेब मला म्हणाले, "तुमच्या त्या घटनेचा कागद वर गेला होता. म्हणून आपल्याला लवकर मिळाल्या." चांगलं सांगायचं म्हणून सांगितलं त्यांनी. मी "जी साहेब" म्हणालो.

नवी शिकवायची वेळ आली तेव्हा तेच म्हणाले, तूच दाखव, तू पाहिलंयस. सगळी कंपनी गोल उभी. मॅगझीनमध्ये नकली गोळ्या. मी ट्रकवर चढलो, खटका बंद केला आणि कार्बाइन खाली टाकली. सुटली नाही. पोरांनी परत वर दिली, मी परत टाकली. किती वेळा टाकली ते मोजलं नाही. दगडावर टाकली, दस्त्यावर टाकली. सुटली नाहीच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुबेदार साहेब म्हणाले, "बस कर रे, मोडशील." मी थांबलो. मला काही वाटत नव्हतं. हातांना तेवढं काम होतं.

स्वतःला मात्र मी एक सांगत आलो होतो, आणि त्याच्यावर माझे दिवस जात होते. मी दर्याचा माणूस, वरून खाली टाकणं आमच्या अंगातलं. तो डोंगराकडचा. त्यांच्याकडे कोण काय फेकतं? त्याला झेलायची सवय नव्हती. आमच्याकडचा कुणी असता तर डोळे मिटून झेलली असती. म्हणजे चूक झाली, पण अर्धी झाली. अर्धी त्याच्या गावाची.

होळीला त्याची ट्रंक घेऊन घरी आलो होतो, पण कैनाडला गेलो नाही. आई म्हणाली, "अरे, त्याच्या घरी जाऊन ये, ट्रंक तरी दे त्यांची." मी ताप आला म्हणालो. पुढच्या सुट्टीत भातकापणी झालेली होती.  या खेपेला आईनंच ट्रंक ओढत अंगणात आणून ठेवली. मी ती सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि निघालो. वाटेत दोनदा उतरलो, दोनदा परत फिरावंसं वाटलं. निसटली असंच सांगायचं की फेकली सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. त्याच्या घरच्यांना कागदावर निसटली असंच कळलं होतं. तेच परत म्हटलं की झालं, पाणी पिऊन घरी.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात भाताच्या भाऱ्यांची उंच उडवी रचलेली, तिच्यावर त्याचा बाप उभा, झोडपायला भारे खाली देत होता. खाली त्याची आई. मी कोण ते सांगितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"बोंबील तूच का?" ती म्हणाली. "पत्रात लिवायचा तो. सुकट लय आवडायचं त्याला."

"हो आई."

"बस पोरा," वरून बाप म्हणाला. "एवढे उतरले का आलोच. ऊन चढतंय."

मी ट्रंक सोडून खाली ठेवली आणि तिच्यावर बसलो. त्यानं भारा उचलला. "घे," म्हणाला, आणि थांबला. तिनं पाय रोवले, हात वर केले. "टाक," म्हणाली. भारा आला, तिनं छातीवर घेतला, बाजूला ठेवला. "घे." "टाक." पुन्हा "घे." "टाक." म्हातारी बाई, पण एकही भारा सुटला नाही. डोंगऱ्या याच अंगणात वाढला होता. त्यानं माझ्याहून जास्त झेललं असेल.

 इतके महिने आत काही हललं नव्हतं ते तेव्हा हललं, आणि मला स्वतःची किळस आली. ती पुढच्या भाऱ्यासाठी वर बघत होती. मी उठून तिच्याजवळ गेलो.

"आई, ती निसटली नव्हती," मी म्हणालो. "मी वरून फेकली. चिडून फेकली."

तिचे हात अर्धवट वर होते, ते तसेच राहिले.   

"त्यानं टाक म्हटलं व्हतं?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं हात खाली घेतले. वर उडवीवर तिचा नवरा भारा धरून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तिनं वर पाहिलं नाही, टाक म्हटलं नाही, म्हणून त्यानं तो टाकला नाही. मी सायकल घेऊन कुंपणाबाहेर आलो आणि मागे वळून पाहिलं, तरी भारा त्याच्या हातातच होता.