गळक्या जोडावरचा अंगठा

दुपारी घडलं ते मनातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मंडळी, मी रत्नागिरीत घरूनच अ‍ॅनिमेशनचं काम करते. जुना कॉम्प्युटर फार तापायचा, म्हणून पाण्याने थंड होणारा नवा स्वतःच जोडायला घेतला. आज पहिल्यांदा नळ्यांत पाणी भरून पंप चालू केला आणि एका जोडातून गळती सुरू झाली, थेट खालच्या ग्राफिक्स कार्डावर! मी जोडावर अंगठा दाबून धरला. पंपाचं बटण खोलीच्या दुसऱ्या टोकाला. सोडावं तर कार्ड भिजणार, धरावं तर जागचं हलता येईना.

नवरा बोटीवर असतो. घरात फक्त सासूबाई. माझी हाक ऐकून धावत आल्या.

"आई, ते बटण बंद करा!"

त्यांनी केलं, तरी ठिबकणं थांबेना. मग माझ्याऐवजी त्यांनीच अंगठा लावला आणि मी खाली बादली धरून नळ्यांतलं पाणी काढू लागले.

तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, "तुला पुण्याला नोकरी मिळत होती ना गो? माझ्यामुळे अडकलीस इथे."

"छे हो, आई!" मी म्हटलं. जरा जास्तच पटकन म्हटलं.

त्यांनी जोडावरचा अंगठा मात्र शेवटपर्यंत काढला नाही.

कार्ड वाचलं. पण तेव्हापासून मी त्यांची नजर चुकवतेय. खरं सांगायचं तर हो, अडकलेय. आणि त्यांना एकटं सोडून जायचंही नाहीये.

या दोन्ही गोष्टी त्यांना न दुखवता कशा सांगू? तुम्ही काय म्हणाला असता?