बोर्डावरचा शब्द

निगडीहून चाकणला जाणाऱ्या बसमध्ये शेजारी बसलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी मोबाईलवर दोन एसईओ सॉफ्टवेअर ताडून बघत होते. माझ्या गाळ्याची वेबसाइट कुणाला सापडतच नव्हती आणि दोन्हींची फुकट वापरायची मुदत आज संपणार होती.

"काय बघताय, ताई?"

"लोक नेटवर कोणता शब्द टाकून माल शोधतात, ते हे सांगतं."

"तुमचा माल कोणता?"

"सीलिंग सोल्यूशन्स."

त्याचा चेहरा कोराच राहिला, म्हणून पर्समधला नमुना काढून दिला. रबराची भोकाची चकती. त्यानं ती करंगळीत घातली, अंगठ्यानं दाबली, वाससुद्धा घेतला.

"अवो, हा तर वायसर हाय!"

बोट शर्टाला पुसून त्यानं माझ्याच मोबाईलवर टाइप केलं: रबरी वायसर, चाकण. पहिलंच नाव आलं ते आमच्या शेजारच्या गाळ्याचं.

"आमच्या स्टोअरला मी हितूनच नेतो."

"त्याच भिंतीला लागून माझा गाळा आहे."

"त्यो इंग्रजी बोर्डवाला? दर खेपेला बघतो की! आमाला वाटलं, कॉम्प्युटरचं हापिस हाय."

मी हबकलेच. दोन्ही सॉफ्टवेअरनी पहिल्याच पानावर 'तुमचा शब्द लिहा' म्हटलं होतं, आणि मी दोन्हीकडे बोर्डावरचं 'सीलिंग सोल्यूशन्स'च लिहिलं होतं. गाळ्यात दिवसभर मीसुद्धा वायसरच म्हणते.