बांधाबाहेर गनीभाई

शारजाच्या औद्योगिक भागात गनीभाईंचं रेडिएटर दुरुस्तीचं गॅरेज आहे. दुपारी जेवण झालं की शटर अर्धं ओढून ते मागच्या खोलीत चटई टाकतात आणि डोळे मिटतात. बाहेर उन्हाचा भडका उडालेला असतो, शेजारच्या दुकानात कुणीतरी पत्रा ठोकत असतं, आणि गनीभाई श्रीवर्धनजवळच्या आपल्या भातशेतात शिरतात. कुंपणातलं बांबूचं बेडं बाजूला सरकवायचं, रातांब्याच्या झाडाखालून जायचं, विहिरीत डोकावायचं, मग खाचरात उतरायचं. पाण्याला मळकट, गोडसर वास येतो. पायाखालून खेकडा तिरका पळतो. शारजात आल्यापासून दुपारची ही फेरी त्यांनी क्वचितच चुकवली असेल. गावी प्रत्यक्ष जाणं मात्र दोन-तीन वर्षांतून एकदा, तेही लग्नाकार्याला.

या जमिनीची गंमत अशी की तिचा मालक कधीच घरी नसतो. इंग्रजांच्या अमलात गनीभाईंच्या पणजोबांनी ती जिवंतपणीच मुलाच्या नावानं बक्षीसपत्र करून दिली. पोरगा बोटीवर नोकरी धरून पळणार असा वास त्यांना आला होता. जमीन गळ्यात घातली की पाय घट्ट होतील, असा म्हाताऱ्याचा हिशोब. पोरानं जमीन घेतली, बापाला सलाम केला आणि आठवड्याभरात बोट पकडली. पुढे त्यानंही आपल्या मुलाला तशीच दिली, तोही दर्यावर गेला. गनीभाईंना मिळाली आणि ते विमानानं शारजाला आले. मुलाला बांधून ठेवायचा हा बेत इतक्यांदा फसला, तरी घराण्यात कुणाला अक्कल आली नाही. भात लावायचं काम आपलं चुलत घराण्याकडे.

पण देण्याची एक रीत होती, ती सगळ्यांनी पाळली. दान द्यायचं तर ताबाही द्यायला हवा, नुसतं तोंडानं बोलून भागत नाही. म्हणून कागद झाला की बापानं शेतातून चालत बाहेर यायचं आणि बांधाबाहेर उभं राहायचं. मुलानं आत जायचं आणि तिथून बापाला हाक मारायची. मग बापानं पुन्हा आत यायचं, ते मुलाचा पाहुणा म्हणून. गनीभाईंनी स्वतः आपल्या अब्बांना अशी हाक मारली होती. धिप्पाड माणूस, पण आत येताना लाजला होता.

यंदा एप्रिलमध्ये गनीभाईंनी गावी जाऊन जमीन मोईनच्या नावावर केली. मोईन त्यांचा एकुलता एक, अल ऐनच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये कामाला. त्याला रजा नव्हती, म्हणून त्याच्या मुखत्यारपत्रावर पुतण्यानं सही केली. गनीभाई रीतीप्रमाणे शेतातून चालत बाहेर आले आणि बांधापलीकडे उभे राहिले. आत हाक मारायला कुणी नव्हतं. थोडा वेळ थांबून ते एसटीला गेले.

परत आल्यावर पहिल्याच दुपारी त्यांनी डोळे मिटले, बेड्यापाशी पोचले, आणि पाय उचलेना. शेत समोर होतं. रातांबा होता, विहीर होती. हे आपले बांधाबाहेर, हात मागे बांधून. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे आत पाऊस लागला, रोपं वर आली, बगळे उतरले, वारा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हिरवा होत गेला, आणि गनीभाई कडेला उभे. स्वप्न स्वतःचं, तिथे कोण मोजणी घेऊन येणार होतं? इतकं कायद्यानं वागायची गरज नव्हती. पण मनच मुळात पापभीरू, त्याला काय करणार.

बिलकीसबींना नवऱ्याचा उतरलेला चेहरा दिसत होता. खोदून खोदून विचारल्यावर सगळं बाहेर आलं.

‘‘एवढंच ना? मी आत्ता फोन लावते मोईनला,’’ त्या म्हणाल्या.

‘‘अजिबात नाही. मागून घेतलेली हाक, ती काय हाक झाली? खलास. हा विषय बंद.’’

‘‘आणि त्याला कधी सुचलंच नाही तर?’’

‘‘तर नाही,’’ गनीभाई म्हणाले, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

एका शुक्रवारी दोघं मुलाकडे अल ऐनला गेले. संध्याकाळी बापलेक खजुरांच्या बागांमधून फिरत होते. मातीच्या बुटक्या भिंती, पाटातून झुळझुळणारं पाणी, गार सावली. मोईन एका भिंतीशी थांबला, आत पाहत राहिला. गनीभाई भिंतीपासून पाऊलभर मागे सरकून उभे राहिले.

‘‘अब्बा,’’ तो म्हणाला.

‘‘बोल बेटा.’’

‘‘करक घ्यायचा? देअर्स अ गुड प्लेस निअरबाय.’’

चहा उत्तम होता. गनीभाईंना तो कडू लागला.

ऑक्टोबरात मोईन मित्राच्या लग्नाला पुण्याला गेला. बिलकीसबींनी फर्मान काढलं, एवढा जातोस तर गावी जाऊन ये. आईनं त्याहून अधिक एक शब्द बोलायचा नाही, हे गनीभाईंनी वदवून घेतलं होतं.

सकाळी गॅरेजात फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. मोईनच्या घामेजल्या चेहऱ्यामागे पिवळंधमक भात डोलत होतं.

‘‘अब्बा, आय ॲम हिअर. इट्स ह्यूज, यार! फोटोत एवढं वाटत नाही.’’

‘‘विहीर पाहिलीस?’’

‘‘नाही ना. मी बाहेरच आहे. बांधावर. हाफ ॲन अवर झाला.’’

‘‘का रे? बेडं बंद आहे?’’

‘‘ओपन आहे.’’ मोईन घुटमळला. ‘‘बट आय डोन्ट नो. तुम्ही नाहीत, आणि मी असंच आत घुसायचं? फील्स राँग. जाऊ का आत?’’

गनीभाईंना हसू आलं. इतके महिने ते एका बाजूला उभे होते, आणि पोरगा आता दुसऱ्या बाजूला. शेत मधे रिकामं.

‘‘अरे, तुझंच आहे ते. मला काय विचारतोस? बूट काढ आणि यल्ला, जा.’’

फोन हलला. आभाळ दिसलं, मग भाताच्या लोंब्या, मग चिखलात रुतलेली दोन गोरी पावलं. मोईन काहीतरी ओरडला, बहुधा खेकडा दिसला असावा. मग तो खाचराच्या मध्यावर थांबला आणि त्यानं फोन स्वतःच्या तोंडासमोर धरला.

‘‘अब्बा, मी एकटा काय करू इथे? या ना तुम्ही पण. कम इन.’’

गनीभाईंनी फोन बाकावर रेडिएटरला टेकवून उभा केला. खाली वाकून एक बूट काढला, मग दुसरा, मग मोजे. मुलगा पलीकडून बघत होता. गनीभाईंनी अनवाणी पाय सिमेंटवर ठेवला.

‘‘आलो,’’ ते म्हणाले.

‘‘सांभाळून हां, अब्बा,’’ मोईन म्हणाला. ‘‘इथे घसरतं.’’